शनिवारची रात्र, जेरुसलेम १९७९

गागोदे बुद्रुकला माणूस येतो तो विनोबांचं जन्मगाव पाहायला. तुम्हीही त्यासाठीच आलात. डोंगराच्या पायथ्याचं गाव, भाताची खाचरं, ११ सप्टेंबर १८९५ ही जन्मतारीख. एवढं पाहून लोक पेणला परततात आणि मुंबई-गोवा रस्त्याला लागतात. आज तुम्ही इतक्यात परतू नका. इथूनच निघून तुम्हाला दोन काळांत जायचं आहे. आधी याच मुलखात, विनोबा पाळण्यात होते त्या हिवाळ्यात. आणि मग जेरुसलेममध्ये, ३१ मार्च १९७९च्या रात्री, इस्राएलनं युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा सलग दुसऱ्यांदा जिंकली त्या सभागृहात. त्या विजयी गाण्याच्या श्रोत्यांत पेण-रोह्याकडून गेलेली घरंही होती. स्पर्धेच्या इतिहासात ती कुठे येत नाहीत आणि आपल्याकडेही त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून तुम्हाला तिथे न्यावंसं वाटलं.

उतारानं चालू लागा. विजेचे खांब मागे पडतात, डांबर संपून लाल माती लागते. १८९५चा डिसेंबर आहे. भात झोडून झालंय, पेंढ्याच्या उडव्या रचल्यात. भाव्यांच्या घरात तीन महिन्यांचा विनायक, म्हणजे पुढचे विनोबा, पाळण्यात आहे आणि रुक्मिणीबाई काम करता करता अभंग म्हणताहेत. त्या आवाजापाशी जरा थांबा. हेच वळण थोड्या वेळानं तुम्हाला अगदी निराळ्या कथेसाठी ऐकायचं आहे.

पेणच्या अंगाला बरंच चालून गेलात की एक आळी लागते. कोकणातल्या अशा आळीत पहाटेपासून लाकडी घाण्याची करकर चालू असते, तिळाचा आणि खोबऱ्याचा वास वाऱ्यावर असतो. आज करकर नाही. घाणा उभा आहे, बैल सावलीला रवंथ करत बसलाय. अंगणात कुणी लाकूड फोडत नाही, चूलसुद्धा पेटलेली नाही. काल सूर्य मावळायच्या आत शिजवून ठेवलेलंच आज खायचं. शेजाऱ्याला विचारा, हे लोक कोण? तो सहज सांगतो, शनवार तेली. महादेवाच्या नंदीला मान म्हणून सोमवारी बैल न जुंपणारे ते सोमवार तेली, आणि शनिवारी घाण्याला हात न लावणारे हे शनवार तेली. गावाला त्यांची ओळख एवढी पुरते.

हे ज्यू आहेत. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आपण त्यांचे वंशज, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली कथा. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते शनिवारचं पाळणं, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नेम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. गावागावांत पसरले तसे ते त्या त्या गावाचे झाले: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर. समोरच्या ओसरीवर बसलेली बाई पाहा. नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. तिच्या सणांची नावं विचारा: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं देऊळ पडल्याचा शोक ही बाई वालाच्या बिरड्यानं पाळते. नवस फेडायचा तर एलियाहू हनवीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं मलिदा करते: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. तुमच्या-माझ्या घरातलेच जिन्नस.

आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपतो. दिवा लागतो, आळी हलू लागते आणि अंगणात सतरंजी पडते. मुंबईहून कीर्तन करणारे बुवा आलेत. टाळ आहेत, मृदंग आहे, पेटी आहे. तुम्ही मागे जाऊन बसा. आख्यान लागतं मोशेचं. समोर समुद्र, पाठीवर फारोचं सैन्य, मधे अडकलेली माणसं. बुवा तो प्रसंग साकीत उचलतात, दिंडीत फिरवतात, मधेच गद्यात येऊन श्रोत्यांशी बोलतात आणि पुन्हा ओवीवर जातात. समुद्र दुभंगतो तेव्हा टाळ वाढतात. कालपर्यंत तुम्हाला वाटलं असेल की कीर्तन म्हणजे विठ्ठलाचं किंवा रामाचं. इथे मात्र नारदांच्या गादीवर मोशे आहे, आणि एकाही श्रोत्याला त्यात अवघडल्यासारखं वाटत नाही.

हे कीर्तन जुनं नाही. १८८०च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएल तरुणांनी हिंदू हरिदासांची कीर्तनं ऐकून ते सुरू केलं. पुढाकार घेणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर होते. त्यांच्या आडनावातलं अष्टमी हे रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडचं गाव. त्याआधी, १८३२मध्ये, मिशनरी जॉन विल्सननं हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं होतं आणि या समाजाची मुलं हिब्रू शिकू लागली होती. विसरलेली कथा अशी पुस्तकातून परत आली. पण ती लोकांच्या अंगात भिनली ती मराठी चालींनी. मला हे फार मोठं वाटतं. स्वतःच्या धर्माची मूळ कथा दोन हजार वर्षांनी परत मिळावी आणि ती कोकणातल्या शेजाऱ्याच्या चालीवर गावी, असं जगात फार कमी ठिकाणी घडलं असेल. आणि ही माणसं इथे शेजाऱ्याच्या जाचाशिवाय राहिली, हे ती स्वतःच आवर्जून सांगत आली आहेत.

आता उठा. पुढची साठ-सत्तर वर्षं थांबण्यासारखी नाहीत असं नाही, पण आपल्याला लांब जायचंय.

आळी रिकामी होत जाते. पलटणीत, रेल्वेत, गिरण्यांत, कचेऱ्यांत नोकऱ्या लागतात. धरमतरच्या खाडीतून माणसं मुंबईला जातात. मग १९४८ येतं, इस्राएल उभं राहतं आणि घरांमागून घरं तिकडे निघतात. आगबोटीच्या, विमानाच्या रांगेत पेणकर असतात, रोहेकर असतात. तिकडे त्यांच्या वाट्याला बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशी नवी गावं येतात. बरीचशी वाळवंटाच्या तोंडाशी. १९५१मध्ये यांतल्या काही जणांनी तेल अविवमध्ये ठिय्या दिला की आम्हाला परत भारतात पाठवा, आणि काही जण खरोखर परतले. त्याहून खोल घाव १९६२चा. तिथल्या धर्मपीठानं सांगितलं की बेने इस्राएल वधू-वराचं लग्न लावायचं तर त्यांचं कूळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासा. ज्यांच्या आज्यांनी दोन हजार वर्षं शनिवारी चूल पेटवली नाही, त्यांना विचारलं गेलं की तुम्ही खरे ज्यू कशावरून? ते रस्त्यावर उतरले. ऑगस्ट १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेनं ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत. लढा जिंकला, पण प्रश्न विचारला गेला होता. तो त्या पिढीच्या मनातून गेला नाही.

आणि आता ३१ मार्च १९७९. हाही शनिवारच. कोकणात नुकताच पाडवा झालाय. जेरुसलेममध्ये शब्बाथ, म्हणजे शनिवारचं पाळणं, संपून रात्र झालीय. तुम्ही बिन्यानेई हाउमा या मोठ्या सभागृहात उभे आहात.

मंचामागे एकात एक बसवलेली प्रचंड वर्तुळं फिरताहेत. दानिएल पेएर आणि यार्देना आराझी हे दोघं निवेदक. खाली वाद्यवृंद, कारण इथे बहुतेक गाणी प्रत्यक्ष वाद्यवृंदासोबत होतात. एकोणीस देश, प्रत्येकाचं एक गाणं, मर्यादा तीन मिनिटांची, आणि या काळातला नियम असा की प्रत्येकानं आपल्या देशाच्या भाषेत गायचं. १९५६मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानोत सात देशांनी सुरू केलेली ही स्पर्धा. इस्राएलचं प्रसारण मंडळ युरोपच्या प्रसारण संघाचं सदस्य, म्हणून हा देश १९७३पासून यात आहे. गेल्या वर्षी पॅरिसमध्ये इझार कोहेन आणि त्याच्या साथीदारांचं ‘अ-बा-नि-बी’ पहिलं आलं. तेव्हा जॉर्डनच्या दूरचित्रवाणीनं कार्यक्रम मधेच तोडून पडद्यावर फुलं दाखवली आणि बेल्जियम जिंकल्याचं सांगितलं. जिंकणारा देश पुढच्या वर्षीचा यजमान, म्हणून स्पर्धा आज इथे आहे. तुर्कस्ताननं अरब देशांच्या दबावामुळे माघार घेतलीय. पण हवेत आणखी एक गोष्ट आहे: पाचच दिवसांपूर्वी, २६ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये इजिप्त आणि इस्राएलनं शांतता करारावर सह्या केल्यात. सभागृहातल्या कित्येकांनी पोरं रणांगणावर पाठवलेली आहेत. त्यांचे चेहरे बघा.

नववं गाणं पश्चिम जर्मनीचं, चंगीझखानावरचं, धडाक्याचं. जर्मन भाषेतलं गाणं जेरुसलेमच्या मंचावर, आणि सभागृह ते ऐकून घेतं. ते संपतं आणि दहाव्या क्रमांकावर इस्राएलचं गाणं येतं: ‘हालेलूया’. गायिका गाली अतारी आणि तिच्यासोबत ‘खलाव उद्वाश’, म्हणजे दूध-मध, नावाचे तिघे तरुण. चाल कोबी ओश्रातची, शब्द शिमरित ओरचे. हे गाणं आधीच्या वर्षी देशातल्याच निवडीत नाकारलं गेलं होतं. यंदा ते निवडलं गेलं.

ऐका. सुरुवात एकट्या गालीच्या आवाजानं होते, अगदी साध्या, सहज गुणगुणता येईल अशा ओळीनं. मग एक जण मंचावर येऊन तिला मिळतो. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक आवाजासोबत चाल एकेक पायरी वर चढते आणि शेवटी चारही जण एकत्र असतात. गाण्याची सगळी करामत या रचनेत आहे. नाच नाही, धांदल नाही. जगातल्या चांगल्या गोष्टींसाठी देवाचं स्तवन, एवढाच आशय. आणि फिरून फिरून येणारा तो एक शब्द, जो हिब्रू न कळणाऱ्यालाही कळतो. प्रत्येकाला आपल्याच भाषेत गायला लावणाऱ्या स्पर्धेत हा शब्द निवडणं हे मोठं शहाणपण होतं. पण नुसत्या शहाणपणानं सभागृह असं निःशब्द होत नाही. करारानंतरच्या त्या आठवड्यात लोकांना जे म्हणायचं होतं, ते त्या तीन मिनिटांत आलं.

निकाल मात्र तुम्ही इथे ऐकू नका. दक्षिणेला, दिमोनात चला. काळात फिरणाऱ्याला सव्वाशे किलोमीटर काही जड नाहीत.

सरकारी वसाहतीतली इमारत, तिसरा मजला. जिन्यात फोडणीचा वास. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची डबी, आत भिंतीवर एलियाहू हनवीचं चित्र. घरातला संच काळापांढरा आहे, त्यामुळे ती फिरती वर्तुळं इथे नुसती उजळ दिसतात. सोफ्यावर आजी बसलीय. लहानपण रोह्याचं, लग्नानंतर मुंबई, मग इथे. तिला हिब्रू बाजारापुरतं येतं. नातीला मराठी येतं ते आजीपुरतं. तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसा.

एकेका देशाचा माणूस फोनवरून गुण सांगतोय. प्रत्येक देशाचे परीक्षक आपल्या आवडत्या दहा गाण्यांना बारा, दहा, आणि मग आठपासून एकपर्यंत गुण देतात. स्वतःच्या गाण्याला देता येत नाहीत. अठरा देश झाले. राहिला एक, स्पेन. आणि पहिल्या जागेवर आहे तोच स्पेन, बेट्टी मिसिएगो आणि तिच्यासोबतच्या चार मुलांच्या गाण्याला मिळालेल्या गुणांवर.

“किती झाले गं?” आजी विचारते.

“आपले ११५. स्पेनचे ११६.”

“आणि आता कोण सांगणार?”

“स्पेनच, आजी.”

आजी पदर सारखा करते. तिच्या मुलानं हातातला पेला खाली ठेवलाय. या वर्षी गुण गाण्यांच्या क्रमानं सांगायची पद्धत आहे, त्यामुळे दहाव्या गाण्याची पाळी येईपर्यंत वाट बघणं भाग. स्पेनच्या परीक्षकांनी इस्राएलला दहा गुण दिले. ११५चे १२५ झाले आणि स्पेन ११६वर राहिला. आपल्याच हातानं स्पेननं पहिली जागा दुसऱ्याला दिली. स्पर्धेच्या इतिहासात याहून प्रामाणिक गुणदान मला आठवत नाही.

खाली रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजतात. नात आजीला मिठी मारते. विजयी गाणं पुन्हा एकदा गायचं असतं. गाली आणि ते तिघे पुन्हा मंचावर येतात. आणि आता या खोलीत बघा, कारण मला तुम्हाला हेच दाखवायचं होतं. आजी हातानं ताल धरते. गालीचं गाणं तिच्या कानावर आजच पहिल्यांदा पडलंय, पण एकानं उचलायचं आणि मग बाकीच्यांनी मिळायचं, ही गाण्याची रीत तिला लहानपणापासून ठाऊक आहे. रोह्याच्या अंगणात बुवा एक ओळ सोडत आणि झिलकरी ती उचलत, तेव्हा ती पुढच्या रांगेत बसलेली असे.

गाली अतारी येमेनहून आलेल्या ज्यू घरातली. आदल्या वर्षीचा विजेता इझार कोहेनही येमेनी घराण्यातला. पूर्वेकडून आलेल्या ज्यूंना या देशात बरीच वर्षं खालच्या पायरीवर उभं राहावं लागलं. युरोपातून आलेले वर, अरब देशांतून आणि भारतातून आलेले खाली. आणि सलग दोन वर्षं युरोपच्या मंचावर त्या देशाचा आवाज कुणाचा होता, तर येमेनी घरातल्या पोराचा आणि पोरीचा. दिमोनातल्या या आजीला हे समाजशास्त्र सांगायला नको. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कूळ विचारलं गेलं होतं. आज टीव्हीवर तिच्याच रंगाची मुलगी देशाच्या नावानं गातेय आणि युरोप टाळ्या वाजवतोय.

नातीचा प्रश्न येतो: “आजी, तुमच्याकडे असं गाणं होतं?”

आजी संच बंद करायला सांगते. मग मोशेच्या आख्यानातली एक साकी म्हणते, हळू, एक-दोनदा अडखळत. नातीला अर्धे शब्द कळत नाहीत. पण ती दुसऱ्यांदा म्हणायला लावते.

आता परत या.

त्या गाण्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ‘हालेलूया’ युरोपभर वाजलं. ब्रिटनच्या विक्री-यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८०ची स्पर्धा इस्राएलनं भरवली नाही. ती हेगला झाली आणि तिचा दिवस देशाच्या हुतात्मा स्मृतिदिनालाच आल्यानं इस्राएलनं भागही घेतला नाही. नंतर १९९८ आणि २०१८ साली तो देश पुन्हा जिंकला. पण लोक एकत्र आले की आजही गातात ते १९७९चं गाणं. माझ्या मते त्याचं कारण त्याच्या घडणीतच आहे: ते एकट्यानं पुरं होत नाही.

आजीच्या साकीचं काय झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिला कुठल्याही मंचानं तीन मिनिटं दिली नाहीत. तरी ती मेली नाही. इस्राएलमध्ये जुनी कीर्तनं पुढे बायकांनी धरली. ज्या गादीवर पूर्वी पुरुष बुवा असत, तिथल्या गाण्यांच्या वह्या बायकांनी जपल्या आणि समाजाच्या कार्यक्रमांत त्या गाऊ लागल्या. ॲना शुल्ट्झ या अमेरिकन संगीत-अभ्यासिकेनं त्यांच्यात बसून यावर संशोधन केलं आहे. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. म्हणजे परक्या देशातल्या विदुषीला या मराठी गाण्यांची किंमत कळली. आपल्या कीर्तनाच्या, नाट्यसंगीताच्या इतिहासांत मात्र त्यांना क्वचितच दोन ओळी मिळतात. हा आपल्याकडून झालेला अन्याय आहे असं मी मानतो. मोशेची दिंडी ही मराठी दिंडीच आहे, आणि रामजोशी, मोरोपंतांच्या मराठीचा तिच्यावर जेवढा हक्क, तेवढाच तिचा आपल्यावर.

गागोद्याच्या विनोबांनी कुराण, बायबल, धम्मपद यांचं सार काढायला आयुष्याची वर्षं दिली आणि ‘जय जगत्’ म्हणायला शिकवलं. त्यांच्या जन्मगावापासून एका दिवसाच्या चालीवर हे सगळं गाणं घडत होतं. म्हणून पेण, रोहा, अलिबाग, पनवेल, ठाणे इथल्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या गावात बेने इस्राएलांचं प्रार्थनाघर असेल तर तिथे जा. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ आजही उभं आहे. ओळखीत एखादं चेऊलकर, रोहेकर घर असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनी कीर्तनं आठवतात का, ते विचारा आणि ती फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. माळ्यावर कीर्तनाची छापील पुस्तिका किंवा हाताची वही सापडली तर रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला, विद्यापीठाच्या मराठी विभागाला तिची प्रत द्या. त्या चाली आठवणारी पिढी आता नव्वदीत आहे. हे काम याच वर्षी करायला हवं.